थांब्यावरचं ताट

दोन दिवसांच्या सहलीत प्रवासाचा खर्च आधीच कळतो, राहण्याचा ठरवून घेता येतो. हाताबाहेर जातो तो खाण्याचा. शनिवारी सकाळी मुंबईहून किंवा पुण्याहून निघून रविवारी रात्री परतणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला वाटेत चार जेवणं आणि तितकेच चहा-नाश्ते लागतात. घरी हिशेब करताना सगळ्यात मोठा आकडा बहुधा यांचाच निघतो. कर्जत आणि खालापूर या रायगडच्या आतल्या अंगाच्या दोन तालुक्यांत हा खर्च कुठे फुगतो आणि कुठे आटोक्यात राहतो, हे फार स्पष्ट दिसतं. एका नाक्यावर दहा-पंधरा रुपयांना मिळणारा चहा तिथून थोड्याच अंतरावर कितीतरी पट महाग होतो. दूध तेच, साखर तीच आणि बनवणारा माणूसही त्याच गावचा.

फरक पडतो तो आपल्या शेजारी बसून कोण खातंय याने. जो माणूस रोज, गरजेपोटी बाहेर खातो त्याला जास्त भाव लावता येत नाही, कारण तो उद्या शेजारच्या टपरीवर जाईल. जो एकदाच येतो, ज्याला दुसरीकडे जायला वाव नाही आणि जो सुट्टीच्या मूडमध्ये आहे, त्याला भाव विचारायचंही सुचत नाही. म्हणून या भागात स्वस्त आणि चांगलं खायचं असेल, तर इथे गरजेने कोण थांबतं आणि का थांबतं, हे आधी समजून घ्यायला हवं. त्याचं उत्तर घाटात आहे.

कर्जत सोडलं की पुण्याची रेल्वे बोरघाट चढू लागते. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरच्या अंतरात हा मार्ग साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठतो, आणि सगळ्यात कठीण जागी चढ आहे ३७ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाने चालणाऱ्या शेकडो टनांच्या गाडीला तो भयंकर असतो. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून गाड्यांना इथे मदत लागते. आज विजेच्या काळातही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. ती घाटभर गाडी मागून रेटतात आणि लोणावळ्याला सुटतात. बँकर जोडायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्या मिनिटांत कर्जतचा वडा विकला जातो.

दिवाडकरांच्या वड्याने कर्जतचं नाव देशभर नेलं. गाडी थांबायच्या आत विक्रेते फलाटावर आपापल्या डब्यांच्या जागी उभे असतात. हातात थाळा, थाळ्यात वड्यांची रास, पाव, तळलेल्या मिरच्या आणि लाल कोरडी चटणी. ही चटणी कोरडीच का, हे पाहण्यासारखं आहे. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्याच्या दुपारी काही तासांत आंबते, कागदातून गळते आणि धावत्या गाडीत कपड्यांवर सांडते. लसूण, सुकं खोबरं आणि लाल तिखटाच्या चटणीत पाणीच नसतं. ती दिवसभर टिकते, पुडीत बांधता येते आणि चिमटीने पावात भरता येते. वडाही तसाच आहे: एका हातात मावणारा, चमचा न लागणारा, थंड झाला तरी खाववणारा. काही मिनिटांच्या थांब्यात, खिडकीच्या गजांतून, सुट्या पैशांत व्हायचा हा व्यवहार. त्यातून या पदार्थाचा आकार, चटणी आणि किंमत ठरत गेली. गाडीत बसलेला प्रवासी पर्यटक नव्हता. तो कामासाठी पुण्याला निघालेला माणूस होता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा याच खिडकीत येणार होता. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला स्वतःचा भोजनडबा आहे, तरीही तिचे प्रवासी कर्जतला वड्याची वाट पाहतात.

हा थांबा कायमचा आहे असं मात्र कुणी धरून चालू नये. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकर न घेता घाट चढते, कारण तिची मोटारशक्ती अनेक डब्यांखाली विभागलेली आहे; त्यामुळे ती कर्जतला थांबत नाही. अभियांत्रिकीची ही प्रगती मला मनापासून आवडते. पण ज्याला कर्जतचा वडा खायचा आहे त्याने जुन्या पद्धतीच्या गाडीने किंवा सरळ लोकलने यावं. मुंबईहून कर्जत साधारण शंभर किलोमीटर. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट अजूनही इतकं स्वस्त आहे, की चौघांचं जाणं-येणं पेट्रोलच्या आणि टोलच्या खर्चापुढे किरकोळ ठरतं. सहलीचा खाण्याचा खर्च कमी करायची पहिली युक्तीही हीच आहे. गाडीने येणारा माणूस रस्ता नेईल तिथे खातो, लोकलने येणारा गावात उतरतो.

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीची गोष्ट कर्जतहूनही जुनी आहे. घाट चढण्याआधी माणसांना आणि बैलांना पाणी लागायचं, म्हणून नाना फडणीसांनी इथे मोठा तलाव आणि वीरेश्वराचं देऊळ बांधलं. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५६च्या मे महिन्यात रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली आणि तिथेच अडली. पुढची काही वर्षं मुंबईचा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरायचा आणि बैलगाडी, तट्टू किंवा पालखी करून घाट चढायचा. घाटातून रेल्वे गेली तेव्हा हा फाटा मुख्य मार्गापासून बाजूला पडला, पण रस्त्याची वाहतूक खोपोलीतूनच चालू राहिली. मग ट्रक आले, एसटी आली, इंजिन तापलं म्हणून पायथ्याशी किंवा माथ्यावर थांबणाऱ्या मोटारी आल्या. जुन्या महामार्गावरचा रमाकांतचा वडा याच थांब्यावर मोठा झाला.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि एकाच तालुक्यात दोन वेगळ्या बाजारपेठा तयार झाल्या. द्रुतगती मार्गाला कुंपण आहे. एकदा त्यावर चढलं की ठरावीक जागीच उतरता येतं आणि खाण्यासाठी फूड मॉलशिवाय पर्याय उरत नाही. तिथल्या गाळ्याचं भाडं, वीज, मनुष्यबळ आणि सुट्टीच्या दिवशीची झुंबड हे सगळं त्या चहाच्या कपात येतं. त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. कुंपणाच्या आतल्या बाजाराचा तो स्वभावच आहे. जुना रस्ता याच्या उलट. द्रुतगती मार्गावर दुचाकींना आणि रिक्षांना बंदी आहे, म्हणून त्या जुन्या रस्त्याने जातात. गावागावांत थांबणारी एसटी तिथूनच जाते, आसपासचा कामगार आणि कॉलेजची मुलंही त्याच रस्त्यावर असतात. अशा गिऱ्हाइकांसमोर वडापावाचा भाव वीस-पंचवीस रुपयांच्या फार पुढे नेणं कुणालाही सोपं नाही. चौक, खालापूर फाटा, खोपोली या पट्ट्यात पोटभर नाश्ता करायचा असेल, तर टोलनाक्याआधी जुना रस्ता धरण्याइतका साधा उपाय दुसरा नाही.

खोपोलीला आणखी एक गिऱ्हाईक आहे, ज्याच्याकडे सहलीला आलेल्यांचं लक्ष जात नाही: पाळीवर जाणारा कामगार. १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र इथे सुरू झालं आणि इथून निघालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे पोलाद, कागद, रसायनं यांचे कारखाने आले. पावसाळ्यात ज्याच्यासाठी गर्दी उसळते त्या झेनिथ धबधब्याला नाव मिळालं तेही शेजारच्या कारखान्याचं. कारखाना आला की खानावळ येते, आणि खानावळीचं ताट हे महाराष्ट्रातलं सगळ्यात प्रामाणिक बाहेरचं जेवण आहे असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन पोळ्या, एक उसळ, एक पालेभाजी किंवा बटाटा, वरण-भात, कांदा-लिंबू. पदार्थ साधेच, रोज खाणाऱ्याला पचतील असे. तेल आणि तिखट बेताचं.

अशा ताटाला खरा खर्च किती येतो याचा एक सरकारी दाखला आहे. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन योजना सुरू झाली. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, भात आणि वरण गिऱ्हाइकाला दहा रुपयांत मिळायचं, पण सरकारने त्या थाळीची किंमत धरली होती शहरात पन्नास आणि ग्रामीण भागात पस्तीस रुपये. मधला फरक अनुदानातून. ती थाळी गरजूंसाठी आहे, सहलीला आलेल्यांनी तिच्या रांगेत उभं राहू नये. पण तिचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेव्हापासून महागाई वाढली, खानावळवाल्याला भाडं आणि नफाही काढायचा असतो, ताटात एखादी भाजी जास्त असते. म्हणून साधी थाळी शंभराच्या आसपास मिळाली तर ती रास्त. त्याच्या तिप्पट-चौपट मागितले जात असतील, तर आपण जेवणाशिवाय दुसऱ्याच कशाचे तरी पैसे देतो आहोत.

खानावळीचं वेळापत्रक मात्र आपल्याला पाळावं लागतं. जेवण बारा-साडेबाराला तयार होतं आणि दोनपर्यंत संपतं. तीन वाजता धबधब्यावरून भिजून आलेल्या मंडळींना तिथे रिकामी पातेली दिसतात, मग ती महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलात जातात आणि कर्जत महाग आहे म्हणतात.

कर्जतमधल्या फार्म हाउसेस आणि रिसॉर्टबद्दल थोडक्यात सांगतो. तिथला दर बहुधा माणशी असतो आणि त्यात नाश्ता, दोन्ही जेवणं, संध्याकाळचा चहा-भजी धरलेली असते. ज्याला दिवसभर तिथेच लोळायचं आहे त्याला ते परवडतं. ज्याला कोंढाण्याची लेणी पाहायची आहेत, पेठचा किल्ला चढायचा आहे, त्याने दुपारच्या जेवणाचे पैसे भरायचे आणि जेवायचं बाहेर, याला अर्थ नाही. म्हणून आरक्षण करतानाच फक्त खोलीचा दर विचारावा. मित्रांच्या मोठ्या गटाने बंगला घेतला असेल, तर कर्जतच्या बाजारातून शिधा भरावा आणि स्वयंपाकासाठी रखवालदाराच्या घरच्यांना विचारावं. त्यांची मजुरी आधी ठरवावी आणि ती चांगली द्यावी. दहा माणसांना त्याहून स्वस्त आणि चवदार जेवण या तालुक्यात दुसरं मिळणार नाही. माथेरानचं म्हणाल, तर तिथे मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत. भाजी, पीठ, गॅसची टाकी, बहुतेक सगळं त्यापुढे घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावर जातं आणि भाव त्या श्रमाचा असतो. त्यावर घासाघीस करू नये. नेरळला पोटभर खाऊन वर जावं.

आता डोंगराच्या बाजूला वळतो. कर्जत तालुक्याच्या पूर्वेला कशेळे हे नाक्याचं गाव. तिथून पुढे आंबिवली, खांडस, भीमाशंकरच्या पायथ्याची गावं आणि ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. इथे थांबणारा माणूस गिर्यारोहक. पेठच्या किल्ल्यावर जाणारा वाटेतल्या पेठ गावात थांबतो, भीमाशंकरला शिडीच्या किंवा गणेश घाटाने जाणारा खांडसला. हॉटेल नाही म्हणून तो कुणाच्या तरी ओसरीवर जेवतो, आणि गेल्या काही दशकांत यातून घरगुती जेवणाची एक छान व्यवस्था उभी राहिली आहे.

या जेवणाला जागेचं भाडं नाही, नोकर नाहीत. तांदूळ बहुतेक शेतातला, वालही शेतातले, म्हणून ते स्वस्त पडतं. ताटात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं किंवा पिठलं, भात, ठेचा, कांदा. मागितलं तर सुकट. हे बिरडं खाताना त्यामागचे कष्ट माहीत असावेत. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेका दाण्याचं साल बोटांनी सोलायचं. दहा माणसांचं बिरडं म्हणजे घरातल्या बाईची अर्धी सकाळ. म्हणूनच आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार, किती वाजता येणार आणि काय खाणार हे सांगणं ही इथली पहिली रीत आहे. अचानक बारा जण दारात उभे राहिले तर पिठलं-भातच मिळणार, आणि तेही त्या माउलीची धावपळ करून. दर आधी विचारावा आणि मग तो कमी करा म्हणू नये. आणखी एक गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात जिथे धबधबे कोसळतात त्याच वाड्यांत एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात आणि बायका लांबून हंडे आणतात. उन्हाळ्यात अशा घरी जेवायला बसताना हात धुवायचं आणि प्यायचं पाणी आपलं आपण नेलं, तर यजमानांचा मोठा भार कमी होतो.

एक सावधगिरीची सूचना: गावठी कोंबडी स्वस्त नसते. ती हळू वाढते, मांस कमी भरतं आणि भाव अख्ख्या कोंबडीचा लागतो. आठ-दहा जणांत एक वाटून घेतली तर रस्सा सगळ्यांना पुरतो आणि खर्चही झेपतो. चौघांनी तीच मागवली तर दिवसभराची बचत एका ताटात संपते.

या सगळ्याहून स्वस्त आणि सगळ्याहून मोलाचं जे आहे ते हॉटेलांत फारसं मिळतच नाही, ते म्हणजे रानभाजी. मे महिन्याचे वळीव पडले की जमिनीतून शेवळं वर येतात. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती. पान फुटायच्या आधी नुसता फुलाचा दांडा बाहेर पडतो आणि तोच खुडून आणतात. कर्जत-नेरळच्या स्थानकाबाहेर आणि बाजाराच्या कडेला गोणपाट टाकून बायका जुड्या मांडतात आणि शेजारी हिरव्या, बोराएवढ्या काकडांचे वाटे लावतात. काकडाशिवाय शेवळं घेऊ नयेत. शेवळांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जिभेला-घशाला टोचले की खाज सुटते. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकडाच्या आंबट रसात भरपूर शिजवायचं. नीट केलेल्या शेवळांची चव खिम्याच्या जवळ जाते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत कोलंबी घालून केलेल्या शेवळांची वर्षभर वाट पाहतात. ज्याने ही भाजी कधी केलेली नाही त्याने पहिल्यांदा ती विकणारीलाच विचारावी. ती आनंदाने सगळी कृती सांगते.

शेवळांमागून टाकळा, कुलू, भारंगी, कुर्डू, मग श्रावणाच्या सुमारास कर्टोली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरगुती जेवण सांगताना ‘आज रानातलं काय आहे?’ एवढं विचारलं, तर पनीर आणि मिश्र भाजीऐवजी ताटात जे येईल त्याला तोड नाही. त्यात दोघांचाही पैसा वाचतो: आपलाही आणि एरवी बाजारातून भाजी आणणाऱ्या त्या घराचाही. पावसाळ्यात निघण्याआधी मात्र एक चौकशी करावी. अपघात वाढल्यामुळे अलीकडे काही धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन ऐन हंगामात बंदीहुकूम लावतं. तो लागू असला की त्या वाटेवरच्या मका-भजीच्या टपऱ्याही बंद असतात.

थंडीत या भागाचं स्वतःचं सहलीचं खाणं म्हणजे पोपटी. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या शेंगा भरतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, खडे मीठ, ओवा, बटाटे, रताळी. आवडीप्रमाणे अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च दाबायचा. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती गवत, पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवायचं. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात आणि पाल्याचा वास त्यांच्यात उतरतो. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्रकन आवाज होऊन पाणी उडालं की पोपटी झाली. मडकं कागदावर पालथं केल्यावर निघणारी वाफ आणि भांबुर्ड्याचा तो उग्र, ओव्यासारखा दरवळ ज्याने एकदा घेतला, तो पुढच्या जानेवारीत पुन्हा कर्जतला येतो.

रिसॉर्टमध्ये पोपटीच्या नावाने रात्रीचा कार्यक्रम होतो आणि त्याचे दर भरभक्कम असतात. गावात ती वर्गणीतून होते. शेंगा, मडकं आणि पेंढा गावातच मिळतो आणि भांबुर्डा बांधावर तणासारखा फुकट उगवलेला असतो. ज्या घरी आपण जेवण सांगतो त्यांनाच दोन दिवस आधी विचारलं, तर मडकं लावून मिळतं, आणि कोंबडी वगळून नुसत्या शेंगा, रताळी, अंडी घातली तर सहा जणांची संध्याकाळ हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाच्या पैशांत होते. शेंगा मात्र गावठी वालाच्याच हव्यात. बाजारातल्या लांबसडक, चपट्या पापडीत दाणा भरत नाही आणि ती मडक्यात नुसती कोमेजते. हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस संपतो. त्यानंतर शेंगा वाळून कडवे वाल होतात आणि परतीच्या वाटेवर कर्जतच्या बाजारात किलोने मिळतात.